भगिनींशी हितगुज : भूल देणारी सिस्टर व्हायचे, पण घराचे काय?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांत नर्स भगिनींची पत्रे नेहमीच जास्त असतात. त्यात नवल नाही. आपल्या वस्तीतल्या ज्या मुली दहावी-बारावीच्या पुढे शिकल्या, त्यांतल्या पुष्कळ जणी एक तर शिक्षिका झाल्या नाही तर नर्स झाल्या. आईने खुरपून, वडिलांनी साखर कारखान्यात नाही तर बांधकामावर राबून त्यांना शिकवले. आज त्याच मुली भिगवण, इंदापूर, बारामतीच्या दवाखान्यांत पांढऱ्या कपड्यांत उभ्या आहेत. घर त्यांच्या पगारावर चालते, आणि वस्तीत कोणाला ताप आला तरी पहिली हाक त्यांनाच जाते.

आता त्यांना पुढचे शिक्षण घ्यायचे आहे. हा प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून आज त्यावर सविस्तर लिहीत आहे.

एका भगिनीचे पत्र मोठे आहे. तिचे नाव-गाव देत नाही. तिने जीएनएम केले आहे. सहा वर्षांपासून ती एका खासगी दवाखान्यात आधी आयसीयूत आणि आता ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. पती एमआयडीसीत पाळीवर जातात. मोठी मुलगी तिसरीत, धाकटा बालवाडीत. सासूबाईंना साखरेचा आजार. तिची एक बॅचमेट परदेशी गेली. तिकडे पेशंटला भूल नर्ससुद्धा देते आणि त्या नर्सला मोठा पगार मिळतो, असे तिने फोनवर सांगितले. आमची भगिनी लिहिते, "ताई, जय भीम. भूलतज्ज्ञ मॅडमच्या शेजारी मी रोज उभी असते. त्यांचा हात पुढे येण्याआधी माझ्या हातात वस्तू तयार असते. मला हे काम आवडते. मला ते शिकता येईल का? आणि शिकायला गेले तर लेकरांचे काय? घरात विषय काढला तर सगळे गप्प झाले."

तिचे प्रश्न दोन आहेत. एक शिक्षणाचा, दुसरा घराचा. दोन्ही एकत्र कालवले की डोके फिरते. म्हणून एकेक घेऊ.

नर्स भूल देते का?

अमेरिकेत देते, हे खरे आहे. बोस्टन शहरात १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून लोकांसमोर भूल दिली आणि शस्त्रक्रियेचे जग बदलले. पण तेव्हा सर्जनला चाकू चालवण्यातच मान वाटे. भूल देणे म्हणजे पेशंटच्या उशाशी बसून राहणे, असे समजून ते काम शिकाऊ पोरांकडे टाकले जाई. त्यांचे लक्ष सगळे ऑपरेशनकडे, आणि पेशंट दगावायचे. मग काही दवाखान्यांनी हे काम नर्सकडे दिले, कारण ती पेशंटवरून नजर काढत नसे. पेनसिल्व्हेनियातील ईरी गावच्या सेंट व्हिन्सेंट दवाखान्यात सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ पासून हे काम करू लागल्या. अशा नर्सेसमध्ये त्यांचे नाव पहिले घेतले जाते. मेयो क्लिनिकच्या ॲलिस मॅगॉ या नर्सने १९०६ मध्ये आपण दिलेल्या १४ हजारांहून अधिक भुलींचा वृत्तान्त छापला, आणि त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. १९३१ मध्ये तेथील भूल देणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

आपल्या देशात गोष्ट वेगळी घडली. इथे इंग्रजांची पद्धत आली, आणि त्या पद्धतीत भूल देणे हे डॉक्टरचेच काम. कलकत्त्यात मार्च १८४७ मध्ये ईथरची भूल दिली गेली. हैदराबादेत क्लोरोफॉर्म हृदयाला धोका करतो की श्वासाला, हे तपासायला १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. त्याच हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या हाताखाली क्लोरोफॉर्म देण्यात तयार झाल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. म्हणजे या कामात बाईचा हात आपल्याकडे सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे, पण तो डॉक्टर बाईचा.

आजही भारतात नर्सने स्वतंत्रपणे भूल देण्याची परवानगी नाही. तशी पदवी इथे नाही, तसे पद नाही. खेड्यापाड्यांत भूलतज्ज्ञ कमी पडतात, हे सरकारलाही ठाऊक आहे. अडलेल्या बाळंतिणीचे सिझर वेळेवर व्हावे म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे जीवरक्षक भुलीचे प्रशिक्षण देण्याची योजना काढली. नर्सला मात्र ती वाट दिली नाही. हे बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण फॉर्म भरणाऱ्या बाईने आधी कायदा जसा आहे तसा समजून घ्यावा.

म्हणूनच एक सावधगिरीची सूचना. "एका वर्षात ॲनेस्थेशिया नर्स व्हा, नोकरीची हमी" अशा जाहिराती दिसल्या तर पैसे भरू नका. ती संस्था भारतीय परिचर्या परिषदेने, महाराष्ट्र परिचर्या परिषदेने किंवा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मान्य केलेली आहे का, हे आधी पाहा. मान्यतेचा कागद मागा. "वरती पाठवला आहे, येईल" असे उत्तर मिळाले तर घरी परत या. आईबापांच्या घामाचा पैसा अशा दुकानांत गेलेला आपण पुष्कळदा पाहिला आहे.

अमेरिकेचा रस्ता किती लांब?

बॅचमेटने सांगितलेला पगार खोटा नाही. तिकडे भूल देणाऱ्या नर्सचा पगार वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर जातो. पण त्या पगाराच्या आधी किती पायऱ्या आहेत, ते फोनवर कोणी सांगत नाही.

पहिली पायरी पदवीची. जीएनएम ही पदविका आहे. तिथल्या भूल-शाळेला पदवी लागते. म्हणजे जीएनएम झालेल्या बाईला आधी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. दुसरी पायरी इंग्रजीची आणि एनक्लेक्स नावाच्या परीक्षेची. ती पास झाल्याशिवाय तिकडे नर्स म्हणून नोंदणी नाही. तिसरी पायरी व्हिसाची, आणि भारतीयांसाठी ती रांग कित्येक वर्षांची आहे.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. भूल-शाळेत जायचे तर आयसीयूत किमान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेले हवे, आणि ते अमेरिकेतल्या किंवा अमेरिकन लष्कराच्या दवाखान्यातलेच हवे. बारामतीची आयसीयू, पुण्याची आयसीयू त्या हिशेबात धरत नाहीत. इथे केलेले कष्ट हाताला शिकवतात, ते वाया जात नाहीत, पण अर्जात मोजले जात नाहीत.

पाचवी पायरी ती शाळा. २०२२ पासून तिथे प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेट दर्जाचाच अभ्यासक्रम करावा लागतो. तो किमान तीन वर्षांचा, पूर्णवेळ. त्या काळात नोकरी करणे जवळपास अशक्य, आणि खर्च पुष्कळ ठिकाणी लाख डॉलरच्या पलीकडे. तिथल्या नर्सेससुद्धा ही शाळा करताना कर्ज काढतात, लग्न पुढे ढकलतात, लेकरू आजीकडे ठेवतात.

सगळे सुरळीत झाले तरी आठ-दहा वर्षांचा हा प्रवास आहे. बाविशीची, बिनलग्नाची, इंग्रजी चांगले असलेली मुलगी असेल तर मी तिला म्हणेन, जा, हिंमत कर. दोन लेकरांच्या आईला मी "जाऊ नको" म्हणणार नाही. पण पायऱ्या मोजून मग पाऊल टाक, एवढे नक्की सांगेन. आणि एजंटाला पैसे देण्यापूर्वी तो १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे तपासून घे.

आपल्या राज्यातल्या वाटा

भूल देण्याचे काम ज्या जागी होते, त्या जागी मानाने उभे राहण्याच्या वाटा आपल्याकडेही आहेत.

एक, पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग. दोन वर्षे, पूर्णवेळ. पुढच्या बहुतेक दरवाजांची ही किल्ली आहे. नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी इग्नूनेही हा अभ्यासक्रम प्रवेश परीक्षा घेऊन चालवला आहे. त्याची चालू सत्राची सूचना पाहून मगच विचार करावा.

दोन, परिचर्या परिषदेचे एक वर्षाचे विशेष पदविका अभ्यासक्रम. त्यांत ऑपरेशन रूम नर्सिंग आहे, क्रिटिकल केअर नर्सिंग आहे. ज्या बाईला घरापासून एकच वर्ष काढता येईल, तिच्यासाठी ही वाट सर्वांत जवळची.

तीन, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आहे. बीएस्सी झालेल्या आणि किमान वर्षभर प्रत्यक्ष काम केलेल्या नर्ससाठी. श्वासनळीत नळी असलेला पेशंट, व्हेंटिलेटर, रक्तदाब सांभाळणारी औषधे, हे सगळे यात खोलवर शिकवतात. भूल देणाऱ्या परदेशी नर्सच्या कामाच्या सर्वांत जवळ जाणारे शिक्षण आपल्याकडे हेच आहे, असे मला वाटते.

चार, ही वाट आपल्या मुली-मुलांसाठी. बारावी सायन्सला जीवशास्त्र घेतलेल्यांना आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम असतो. त्यात ऑपरेशन थिएटर आणि भूल विभागाचे तंत्रज्ञ तयार होतात. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांचा जो कायदा केला, त्याच्या यादीत भूल-तंत्रज्ञाचा व्यवसाय नावानिशी आला आहे. डॉक्टर आणि नर्स या दोनच शब्दांवर आपली गाडी अडून बसते. तिसराही शब्द घरात माहीत असावा.

बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. जिथे वैद्यकीय महाविद्यालय, तिथे मोठी थिएटरे, भूलशास्त्राचा विभाग, शिकणारे-शिकवणारे डॉक्टर. पूर्वी यातले काही पाहायचे तर ससूनला जावे लागे, म्हणजे बारामतीहून शंभर आणि इंदापुरातून त्याहून जास्त किलोमीटर. आता निदान चौकशीला तरी सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी परत येता येते. बहिणींनो, चौकशीला लाजू नका. त्या इमारती आपल्या करातून उभ्या आहेत.

आणि आज जी भगिनी थिएटरमध्ये उभी आहे, तिने आपले काम हलके समजू नये. पेशंट खरोखर सहा तास उपाशी आहे ना, हे विचारणारी तीच. कवळी काढली का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे पाहणारी तीच. बाळंतिणीला पाठीत इंजेक्शन दिल्यावर रक्तदाब घसरतो, तेव्हा मॉनिटरवरचा आकडा पहिल्यांदा तिच्याच डोळ्यांना दिसतो. सक्शन चालू आहे का, ऑक्सिजनचा दुसरा सिलिंडर भरलेला आहे का, हे सकाळी तपासते तीच. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी केली, ती मोठ्याने वाचण्याचे काम बहुतेक ठिकाणी नर्सच करते. "थांबा, एक गोष्ट राहिली" असे भर थिएटरमध्ये म्हणण्याचा अधिकार त्या यादीने तिला दिला आहे. पुढे शिकायचे ते या अधिकाराला बळ यावे म्हणून. आजचे काम कमी दर्जाचे आहे म्हणून नव्हे.

हिशेबाची वही

आता पैसा. नवरा-बायकोने वही घेऊन बसावे.

समजा पगार महिना १८ हजार आहे. दोन वर्षे पूर्णवेळ शिकायचे म्हणजे २४ महिन्यांचे ४ लाख ३२ हजार रुपये घरात येणार नाहीत. फीचा आकडा सगळे पाहतात, हा आकडा कोणी पाहत नाही. खरे ओझे इथे आहे. यात फी, वसतिगृह, पुस्तके, येण्याजाण्याचे भाडे मिळवा. शिवाय घरी मुलांकडे पाहायला बाई ठेवावी लागली तर तिचा पगार.

दुसऱ्या पानावर जमेची बाजू लिहा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळण्याची तरतूद झाली. परदेशी जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिथे विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहतात. प्रत्येक योजनेच्या अटी वर्षावर्षाला बदलतात, विवाहित आणि नोकरी सोडून आलेल्या विद्यार्थिनीचे उत्पन्न कोणाचे धरायचे हाही प्रश्न येतो. म्हणून समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन, त्या वर्षीचा शासन निर्णय वाचून खात्री करावी. सांगोवांगीवर घर पणाला लावू नये.

कागद आधीच तयार ठेवावेत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, परिचर्या परिषदेची चालू नोंदणी, अनुभवाची पत्रे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. आपल्या राज्यात त्या आधीपासून होत्या. त्यामुळे राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला यांत फरक पडतो. कोणत्या अर्जाला कोणता लागतो हे विचारून घ्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्राचा कागद किंवा विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात तहसीलमध्ये रडत बसलेली मुलगी पाहवत नाही.

सरकारी सेवेतील भगिनींनी १९८१ च्या रजा नियमांतील अध्ययन रजेची तरतूद वाचावी. खासगी दवाखान्यातील भगिनींनी राजीनामा देण्यापूर्वी बिनपगारी रजा आणि परत घेण्याचे लेखी आश्वासन मागून पाहावे. नाही म्हणाले तर आहे तिथेच आहोत, पण न मागता सोडू नये.

बचत गटाचे कर्ज फीसाठी काढू नका. त्याचे हप्ते महिन्याला असतात, आणि शिकणाऱ्या बाईला महिन्याची मिळकत नसते. बँकेचे शैक्षणिक कर्ज शिक्षण संपल्यावर फेडायचे असते, तो फरक मोठा आहे.

त्याग कोणाचा?

आता ज्या गोष्टीवर घरात सगळे गप्प होतात, ती बोलू.

शिक्षणासाठी त्याग हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, काही उसना घेतला आणि १९२० साली तो अभ्यास पुरा करायला पुन्हा गेले. त्या सगळ्या वर्षांत मुंबईच्या चाळीत घर रमाईंनी ओढले. पोटची लेकरे गमावली. आपण त्यांची जयंती करतो, त्यांच्या नावाने डोळे ओले होतात.

पण एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. रमाईंचा त्याग आठवून आपण घरातल्या बाईलाच सांगतो, "तूही सोस." आज शिकायला निघालेली व्यक्ती बाई आहे. मग घर धरून बसणारी रमाई कोण? तो मान आता नवऱ्याचा आहे. तिच्या नवऱ्याने दोन वर्षे सकाळी डबे भरले, मुलीची वेणी घातली, आईला इन्सुलिन द्यायला शिकला, तर त्याची मिशी खाली येणार नाही. एमआयडीसीत पाळी बदलून मिळते का, हे त्याने विचारावे. नाईट करून आलेली बायको स्वयंपाक करून झोपते आणि नाईट करून आलेला नवरा नुसता झोपतो, हे कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालले आहे. शिक्षणाचा प्रश्न आला म्हणून तरी ते मोडावे.

सासूबाई गप्प झाल्या, असे भगिनीने लिहिले आहे. सासूबाईंची भीती समजून घ्या. साखरेचा आजार झालेल्या बाईला वाटते, सून गेली तर मला कोण पाहील. ही भीती रागाच्या भाषेत बाहेर येते. तिच्याशी पगारावर बोलू नका, तिच्या औषधाच्या वेळेवर बोला. कोणत्या दिवशी कोण दवाखान्यात नेणार, हे ठरवून सांगा. पुष्कळ विरोध तिथेच विरघळतो.

लेकरांचे काय? तिसरीतल्या मुलीला सगळे समजते. तिला सांगावे की आई कधी जाणार, कोणत्या वारी येणार, किती दिवाळ्या अशा जातील. न सांगता गेलेली आई मुलाला सोडून गेलेली वाटते. सांगून गेलेली आई शाळेत गेलेली वाटते. धाकट्याला मात्र एवढे समजणार नाही. तो आजारी पडेल, रडेल, एखाद्या रविवारी तुमच्याकडे न येता आजीच्या पदराआड लपेल. ते दुःख खरे आहे. कोणतीही शिष्यवृत्ती ते भरून काढत नाही. तो अजून तीन वर्षांचाच असेल तर दोन वर्षे थांबून जाण्यात कमीपणा नाही. तोवर इंग्रजी सुधारावे, नोंदणीचे नूतनीकरण करावे, थिएटरमधून पुन्हा आयसीयूत बदली मागून अनुभव वाढवावा. थांबणे आणि सोडून देणे यांत फरक आहे.

माझ्या मते त्याग आणि फरफट ओळखायची खूण सोपी आहे. त्यागाला मुदत असते. तो कोण करतो, किती करतो आणि त्यातून घराला काय मिळणार, हे सगळ्यांना माहीत असते. फरफटीला मुदत नसते, आणि जो फरफटतो त्याला कोणी विचारलेले नसते. "दोन वर्षे, मग बारामतीत परत" हा त्याग झाला. "जाऊ तिकडे, पुढचे पुढे" ही फरफट, आणि तिच्यात सर्वांत आधी मुले जातात.

आणखी एक. सगळे मोजून झाल्यावर एखादी म्हणाली, "मला नाही जायचे, मी इथेच चांगली थिएटर सिस्टर होईन," तर तिला भित्री म्हणू नका. विचार करून दिलेला नकारही निर्णयच असतो. फक्त तो तिचा असावा. घरच्यांच्या गप्प बसण्यातून तिच्यावर पडलेला नसावा.

घरात बसून पाच प्रश्न

फॉर्म भरण्यापूर्वी एका सुट्टीच्या संध्याकाळी टीव्ही बंद करून घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसावे आणि या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. नेमका कोणता अभ्यासक्रम, किती महिन्यांचा, आणि त्याची मान्यता आपण स्वतः पाहिली का?

२. एकूण खर्च किती, बुडणारा पगार किती, आणि शिष्यवृत्ती सहा महिने उशिरा आली तर घर कशावर चालेल?

३. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ घरात कोण असेल? नाव लिहा. "बघू" लिहू नका.

४. मूल किंवा म्हातारे माणूस अचानक आजारी पडले तर पहिला फोन कोणाला, आणि रजा कोण काढणार?

५. शिक्षण झाल्यावर नोकरी कोठे? बारामती, पुणे की परदेश? तेथे घर जाणार की बाई एकटी जाणार?

पाचही उत्तरे मिळाली तर फॉर्म भरा, आणि मग मागे पाहू नका. तीन मिळाली तर सहा महिने थांबा आणि उरलेली दोन शोधा. एकही मिळाले नाही तर समजा की घरात अजून बोलणेच झालेले नाही. तिथून सुरुवात करा.

आणि पुरुष वाचकांना एक विनंती. या सदराचे नाव "भगिनींशी हितगुज" आहे म्हणून हे पान उलटू नका. तिसऱ्या प्रश्नापुढे लिहायचे नाव तुमचे आहे.